वाटेचे दान : हृदयरोगी बालकांसंबंधी आपले कर्तव्य

(सोलापूर येथे धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवशी मागे वळून पाहण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी मंदिरासाठी व शाळेसाठी जे कष्ट उपसले त्यांचे स्मरण माझ्यापूर्वीच्या वक्त्यांनी उत्तम प्रकारे केले आहे. मजकडे जो विषय सोपविला आहे तो मात्र पुढे पाहावयास लावणारा आहे. हृदयरोगाने पीडलेल्या गरीब बालकांसाठी रुग्णालयांना व त्यांच्या कुटुंबांना साहाय्य करणे, हा तो विषय होय. प्रथमदर्शनी हा विषय डॉक्टरांचा आणि लक्षाधीशांचा वाटेल. आपल्यासारख्या बेताच्या प्राप्तीच्या लोकांनी त्यात काय करावे, असेही कोणाच्या मनात येईल. त्या शंकेचे निरसन करण्यासाठीच मी येथे उभा आहे. या रोगातील मोठा खर्च उचलणारे हात आज पुष्कळ आहेत. लहान खर्च उचलणारे हात मात्र थोडे आहेत, आणि अनेकदा बालकाचा जीव त्या लहान खर्चापाशीच अडतो.

प्रारंभी महोत्सव या शब्दाचा मूळ अर्थ आठवू या. जुन्या करारात लेवीयांच्या पुस्तकात योबेल वर्षाचा नियम सांगितला आहे. दर पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकून देशभर मुक्ततेची घोषणा करावी. गरिबीमुळे हातची गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत यावी. दारिद्र्यापायी दुसऱ्याचा दास झालेला मनुष्य मोकळा होऊन आपल्या मुलाबाळांत परत जावा, असा तो नियम होता. म्हणजे महोत्सव हा केवळ पताका व मिठाई यांचा सण नव्हता. संकटात सापडून ज्यांचे घर मोडले त्यांचे घर पुन्हा उभे करण्याचा तो नेमलेला दिवस होता. आता आपणच विचार करा की आजच्या काळात गरीब माणसाचे घर कशाने मोडते. पुष्कळ घरांच्या बाबतीत उत्तर एकच येते : आजारपणाने. जमिनीचा तुकडा, बायकोच्या कानातले, दाराशी बांधलेली शेळी, ही सर्व दवाखान्याच्या वाटेवर एकेक करून जातात. म्हणून ज्या महोत्सवाने अशा एखाद्या घरावरील ओझे हलके केले नाही, तो महोत्सव अर्धाच साजरा झाला, असे मी म्हणेन.

आता रोगाविषयी थोडे बोलतो. कारण जे समजत नाही त्यासाठी मनापासून दान होत नाही. आपल्या हृदयाला चार कप्पे असतात. उजव्या बाजूचे कप्पे अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठवितात व डाव्या बाजूचे कप्पे प्राणवायूने शुद्ध झालेले रक्त सर्व शरीरास पुरवितात. दोहोंच्या मध्ये पडदा असतो. आईच्या उदरात हृदय घडत असता काही बालकांचा हा पडदा पूर्ण जुळत नाही व त्यात छिद्र राहते; काहींच्या झडपा अरुंद होतात; काहींच्या रक्तवाहिन्या उलट जागी जोडल्या जातात. जन्मास येणाऱ्या दर १००० बालकांपैकी सुमारे ८ ते ९ बालकांच्या हृदयात असा काही ना काही जन्मजात दोष असतो. आपल्या देशात अशी दोन लाखांहून अधिक बालके दरवर्षी जन्मतात, आणि त्यांतील सुमारे एकपंचमांश बालकांना पहिल्याच वर्षात शस्त्रक्रियेची वा तत्सम उपचाराची गरज पडते. यात आईचे पाप नाही, ग्रहणाचा दोष नाही, की कोणाची दृष्ट नाही. हे मी मुद्दाम सांगतो. कारण आजही कित्येक घरांत मुलाच्या दुखण्याबरोबर सुनेला बोल सोसावे लागतात.

सर्वच दोष सारखे भयंकर नसतात. लहानसे छिद्र पुष्कळदा मूल वाढता वाढता आपोआप बुजते. काही दोष आता छाती न उघडता, मांडीतील रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन मिटविता येतात. परंतु छिद्र मोठे असेल तर फुप्फुसांकडे प्रमाणाबाहेर रक्त जोराने जात राहते. तो दाब वर्षानुवर्षे सोसून फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड व कठीण होतात. आणि एका मर्यादेपलीकडे गेल्यावर कुशलातील कुशल शस्त्रवैद्यालाही ते छिद्र बुजविता येत नाही. या रोगात वेळेला किती किंमत आहे ते यावरून ध्यानात येईल. दूध ओढताना ज्या बालकाच्या कपाळावर घाम येतो, जे दोन घोट घेऊन थकते, ज्याचे वजन वाढत नाही, ज्याला वारंवार न्यूमोनिया होतो, ज्याचे ओठ व नखे निळसर दिसतात, किंवा जे खेळता खेळता धाप लागून उकिडवे बसते, त्याचे हृदय विनाविलंब तपासून घेतले पाहिजे. माझ्या मातांनो व भगिनींनो, ही लक्षणे आपण पाठ करून ठेवावीत. शेजारणीच्या बाळात ती दिसली व आपण तिला वेळीच सांगितले, तर पैशाच्या दानापूर्वीचे मोठे दान आपल्या हातून घडले असे समजा.

दुसरा एक हृदयरोग आहे. तो जन्मतः येत नाही, तो दाटीच्या वस्तीत लागतो. एका विशिष्ट जंतूमुळे मुलाचा घसा सुजतो. घरची माणसे हळद-मिठाच्या गुळण्या देऊन तो विसरतात. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे असे एकामागून एक सांधे दुखू लागतात व ताप येतो. यालाच डॉक्टर ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना तो विशेषेकरून होतो. सांधे बरे होतात, पण ज्वर हृदयाच्या झडपांवर आपली खूण ठेवून जातो; आणि पुन्हा पुन्हा उलटला तर झडपा निकामी करतो. यावरील उपाय महाग नाही. घशाच्या दुखण्यावर वेळीच औषध, आणि एकदा ज्वर येऊन गेलेल्या मुलास दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई, ती कित्येक वर्षे न चुकता, एवढाच तो उपाय आहे. सुई स्वस्त आहे. न चुकणे हेच कठीण आहे. ज्या आईला सुईच्या दिवशी मजुरी बुडवावी लागते, ती एक महिना चुकविते, मग दुसरा चुकविते. त्या चुकलेल्या सुयांचा हिशेब पुढे हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या रूपाने चुकवावा लागतो.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही, आणि त्यात दानाचा वाटा किती मोठा आहे हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत हॅरिएट लेन या नावाची एक प्रतिष्ठित स्त्री होऊन गेली. तिला दोनच मुलगे होते. १८८१ व १८८२ या लागोपाठच्या वर्षांत दोघेही ऐन किशोरवयात याच ऱ्हुमॅटिक फीव्हरला बळी पडले. त्या काळी या रोगापासून हृदय वाचविणारे कोणतेही औषध नव्हते. पुढे तिने आपली संपत्ती रुग्ण बालकांच्या निवासासाठी ठेविली. १९०३ साली ती वारली, आणि १९१२ साली बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या आवारात तिच्या नावाचे बालरुग्णालय उघडले. त्याच बालरुग्णालयातील हृदयरोगाच्या दवाखान्याचे काम १९३० साली डॉक्टर हेलन टाउसिग या विदुषीकडे आले. त्यांना कानांनी ऐकू येणे कमी झाले होते. म्हणून त्या बालकांच्या छातीवर हात ठेवून स्पंदने जाणीत. जन्मतः निळी पडणारी मुले का मरतात याचे कारण त्यांनी शोधले व उपायही सुचविला. शस्त्रवैद्य आल्फ्रेड ब्लॅलॉक आणि महाविद्यालयाचे तोंडही न पाहिलेले त्यांचे कृष्णवर्णीय सहकारी व्हिव्हियन थॉमस यांनी तो उपाय प्रयोगशाळेत सिद्ध केला. आणि २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अशा निळ्या बालिकेवर जगातील पहिली शस्त्रक्रिया झाली. तिच्या आधी १९३८ साली बॉस्टनच्या बालरुग्णालयात रॉबर्ट ग्रॉस यांनी एका सात वर्षांच्या मुलीच्या हृदयाजवळची, जन्मानंतरही मिटावयाची राहिलेली रक्तवाहिनी बांधून तिला बरे केले होते. हॅरिएट लेन यांनी यांतील काहीच पाहिले नाही. आपल्या देणगीतून काय उगवेल हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच ठाऊक होते की आपले मुलगे गेले, दुसऱ्या आईचे जाऊ नयेत.

आपल्या राज्यातील उदाहरण पाहावयाचे तर मुंबईस परळला जावे. वाडिया या पारशी गिरणीमालकांच्या घराण्याने १९२६ साली तेथे नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडले. गिरणगावातील कामकरी स्त्रियांना सुरक्षित बाळंतपण मिळावे हा त्यामागील हेतू होता. १९२९ साली त्याच्या शेजारी बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय उभे राहिले. जेरबाई या त्या घराण्यातील मातोश्री. पतीच्या निधनानंतर गरीब पारशी कुटुंबांसाठी स्वस्त भाड्याच्या चाळी व बागा बांधणे हे त्यांनी आपले व्रत केले होते. त्यांच्या नावाच्या त्या रुग्णालयात आज बालकांच्या हृदयरोगावरही उपचार होतात, आणि तेथे जाणारे मूल कोणत्या धर्माचे आहे हे कोणी विचारीत नाही. आपले सोलापूरही गिरण्यांचे गाव. १८७७ साली येथे जुनी गिरणी सुरू झाली आणि तिच्या भोंग्यावर पिढ्यानपिढ्या या शहराचा दिवस उगवला. भोंगा थांबला, पण त्या कामकऱ्यांची नातवंडे-पतवंडे येथेच आहेत. आणि परळच्या त्या दारात सोलापूरची मुलेही उभी राहतात.

आता आजची स्थिती कशी आहे ते सांगतो. शासनाने पुष्कळ केले आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच राज्यातील पालघर येथून झाला. त्याअन्वये वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शासकीय शाळांत वर्षातून एकदा जाऊन मुले तपासतात, आणि जन्मजात हृदयदोष असलेली मुले शोधून पुढील उपचारास पाठवितात. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपला सोलापूर जिल्हा होता. तीच योजना पुढे २०१७ साली महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि मान्य रुग्णालयांत बालकांच्या हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया तिच्यातून विनामूल्य होतात. धर्मादाय विश्वस्त संस्थांच्या मोठ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्यात, असे कायद्याचे बंधन आहे. नवी मुंबईत खारघर येथे श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे. तेथे मुलांच्या हृदयावरील शस्त्रक्रियेसाठी पैसाही घेतला जात नाही. आगगाडीने हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या रुग्णास व त्याच्या एका सोबत्यास, डॉक्टरांचा विहित दाखला दाखविल्यास, भाड्यात मोठी सवलत मिळते.

आपण म्हणाल, मग अडले कोठे? शस्त्रक्रिया विनामूल्य, खाट विनामूल्य, गाडीभाड्यात सवलत. आता दात्याने काय द्यावयाचे उरले? बंधुभगिनींनो, उरले आहे ते त्या कुटुंबाच्या जागी स्वतःला ठेवल्यावाचून दिसत नाही. आपल्या शहरात हजारो स्त्रिया घरी विड्या वळतात. त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. यंत्रमागावर उभा राहणारा पुरुष जेवढे कापड विणील तेवढ्याचे पैसे घेतो. त्यांना पगारी रजा ही वस्तू ठाऊक नाही. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पुष्कळदा पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. मुंबई येथून सुमारे साडेचारशे किलोमीटर. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने आई, बाप व मूल निघाले की त्या घरची चूल दोन्ही बाजूंनी विझली. पहिल्या खेपेस तपासणी, दुसऱ्या खेपेस कागदपत्रांची पूर्तता, तिसऱ्या खेपेस तारीख. मुलाला सर्दी-खोकला झाला तर तारीख पुढे जाते आणि चौथी खेप पडते. मूल आत खाटेवर असते. बाप बाहेर कोठे निजतो? आई काय खाते? घरी राहिलेल्या दोन लेकरांना कोण सांभाळते? शिधापत्रिकेवरील नावात एक अक्षर चुकले म्हणून अडलेला अर्ज कोण दुरुस्त करून आणतो? सावकाराकडून दहा हजार रुपये उचलले जातात ते शस्त्रक्रियेसाठी नव्हे, या साऱ्यासाठी. आणि ज्याला सावकारही दारात उभा करीत नाही, तो बाप मुलाला कडेवर घेऊन म्हणतो, "पुढल्या हंगामात पाहू." पुढल्या हंगामापर्यंत फुप्फुसे थांबत नाहीत.

म्हणून माझे म्हणणे असे की मोठ्या रुग्णालयाने शस्त्रक्रिया द्यावी, शासनाने तिचा खर्च द्यावा, आणि आपण वाट द्यावी. घरापासून त्या दारापर्यंतची वाट, आणि त्या दारापासून पुन्हा घरापर्यंतची.

प्रभू येशूने सांगितलेला दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याने जखमी मनुष्याच्या जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसविले व उतारशाळेत नेले, येथपर्यंत सर्वांना आठवते. पुढचा भाग मात्र घाईत निसटतो. दुसऱ्या दिवशी निघताना त्याने उतारशाळेच्या रक्षकाच्या हाती दोन दीनार ठेविले, आणि याहून अधिक खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन, असे सांगितले. पहिल्या दिवशीची त्याची दया हे हृदयाचे काम होते. दुसऱ्या दिवशीचे वचन हे विचाराचे काम होते. जखम बांधून झाल्यावरही खर्च चालूच राहतो, हे त्याने ओळखले होते. आणखी एक गोष्ट पाहा. त्याने जखमी मनुष्यास त्याचे गाव वा कूळ विचारले नाही, आणि ज्याने हे केले तो स्वतः परका मानला गेलेला होता. पारशी घराण्याचे रुग्णालय, सत्य साईंच्या भक्तांचे रुग्णालय आणि आपला धर्मग्राम, ही सर्व एकाच वाटेवरची उतारशाळा चालवू शकतात.

आता बेत सांगतो. या महोत्सवाचे स्मारक म्हणून आपण एक कायम निधी काढावा. त्याने पुढील गोष्टी कराव्यात. पहिली, शोध. आपल्या वस्तीतील व आसपासच्या खेड्यांतील ज्या मुलांत वर सांगितलेली लक्षणे दिसतात त्यांना येथील शासकीय रुग्णालयाच्या बालरोग विभागात नेऊन तपासून घ्यावे. दुसरी, कागद. आपल्यात निवृत्त शिक्षक, रेल्वेतील सेवक, कचेरीतील कारकून पुष्कळ आहेत. शिधापत्रिका, आधारपत्र, जन्मदाखला, रेल्वे-सवलतीचा दाखला ही कामे त्यांच्या हातचा मळ आहेत. तिसरी, सोबत. पहिल्या खेपेस मुंबई-पुणे पाहिलेला एक माणूस त्या कुटुंबाबरोबर जावा, आणि तेथील धर्मग्रामांशी पत्रव्यवहार करून उतरण्याची व जेवणाची सोय आधीच ठरवावी. चौथी, मजुरी. मुलाबरोबर राहणाऱ्या आईबापाची बुडालेली मजुरी निधीने भरून द्यावी. हे सर्वांत आवश्यक व सर्वांत दुर्लक्षित साहाय्य आहे. पाचवी, पाठपुरावा. शस्त्रक्रियेनंतरची औषधे, ठरल्या तारखेची तपासणी, ऱ्हुमॅटिक फीव्हरच्या मुलांची सुई, यांची एक वही ठेवून प्रत्येक घरी आठवण पोचवावी. अशा मुलांचे दात स्वच्छ राखणेही अगत्याचे आहे. कारण किडलेल्या दातांतून जंतू रक्तात शिरून दुबळ्या हृदयावर ठाण मांडतात. दातांचा ब्रशही म्हणून निधीतून द्यावा लागला तर द्यावा.

हे नवीन नाही. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मूठभर मित्रांसह संत विन्सेंट दि पॉल यांच्या नावाची संस्था काढली, तेव्हा तिचा मुख्य नियम हाच होता की दान पाठवू नये, दान घेऊन स्वतः गरिबाच्या घरी जावे. घरी गेल्यावाचून कळत नाही की तेथे औषध आहे पण ते गिळावयास दूध नाही.

पैशांचा हिशेब मांडू. समजा, आपल्यातील २०० कुटुंबांनी दर आठवड्यास १० रुपये बाजूस ठेविले. आठवड्याचे २,००० रुपये झाले. वर्षाच्या ५२ आठवड्यांचे १,०४,००० रुपये झाले. एका कुटुंबाच्या प्रवास, राहणे, जेवण व मजुरी यांसाठी १५,००० रुपये धरले, तरी वर्षाकाठी सहा-सात मुलांची वाट मोकळी होते. दहा रुपयांत आज एक कप चहाही जेमतेम येतो. या निधीस वर्षातून एकदा येणाऱ्या हजार रुपयांहून आठवड्याचे दहा रुपये अधिक मोलाचे आहेत, हे मी आग्रहाने सांगतो. कारण मुले वर्षभर आजारी पडतात, महोत्सवाच्या दिवशीच पडत नाहीत. विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट प्रभूने सांगितली ती गरिबाची स्तुती करण्यापुरती नव्हे. आपापल्या प्राप्तीतून काढलेला वाटा हाच दानाचा खरा माप आहे, हे शिकविण्यासाठी होय. या भूमीलाही ते परके नाही. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात येथे तलाव खोदविला असे सांगतात. शरणांच्या परंपरेत कष्टाच्या कमाईतून दिलेल्या अशा वाट्याला दासोह म्हणतात. तलावाचे पाणी पिताना कोणाच्या घमेल्यातील माती कोणती, हे कोण विचारतो?

काही आक्षेप येतील, त्यांचा विचार करू. कोणी म्हणेल, आपल्याच समाजात गरजू थोडे आहेत काय. आधी आपली मुले, मग इतर. माझे उत्तर असे की निधी आपला असावा, मुले देवाची असावीत. ज्या आईच्या कडेवरचे मूल निळे पडले आहे तिला प्रथम बाप्तिस्म्याचा दाखला मागणारा मनुष्य त्या दाखल्यातील याजकाच्या व लेव्याच्या रांगेत जाऊन उभा राहतो. दुसरा म्हणेल, पैसा योग्य ठिकाणी जातो याची खात्री काय? हा प्रश्न रास्त आहे. दूरध्वनीवर आजारी मुलांची चित्रे पाठवून पैसे उकळणारे ठक आज आहेत. म्हणून नियम करावा की उपचाराची रक्कम कोणाच्या खासगी खात्यात न जाता थेट रुग्णालयाच्या खात्यात जावी. मोठ्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांच्याकडून मुलाची व गरजेची खात्री करून घ्यावी. आणि निधीचा जमाखर्च दर तीन महिन्यांनी मंदिराच्या दारात सर्वांदेखत वाचावा. तिसरा म्हणेल, इतके करूनही एखादे मूल दगावले तर? होय, दगावेल. १९४४ सालची ती पहिली बालिकादेखील काही महिन्यांनी गेली. परंतु तिच्यामागून आलेली हजारो मुले जगली. आणि जे मूल जाते त्याच्याही आईला एवढे समाधान उरते की वाट पैशावाचून बंद नव्हती. त्या समाधानाला मोल नाही असे कोणत्या आईबापाला म्हणवेल?

एक विनंती विशेष रीतीने करतो. महोत्सवाच्या पुस्तिकेत देणगीदारांची नावे छापतात. छापोत, त्यात कोणाचे नुकसान नाही. परंतु साहाय्य घेणाऱ्या मुलाचे नाव व छायाचित्र कोठेही छापू नये. ते मूल उद्या मोठे होईल, शाळेत जाईल, लग्न करील. धर्मग्रामाच्या पैशावर वाचलेले म्हणून त्याला जन्मभर ओळखले जाणे, हे ऋण आपण त्याच्या डोक्यावर ठेवू नये. योबेल वर्षाचा अर्थ ऋण फेडणे असा आहे, नवे ऋण चढविणे असा नव्हे.

ज्यांच्यापाशी दहा रुपयेही नाहीत त्यांनी खिन्न होऊ नये. हृदयाच्या शस्त्रक्रियेस रक्त लागते, आणि रक्त कोणत्याही गिरणीत निघत नाही. अठरा वर्षांवरील निरोगी पुरुषास दर तीन महिन्यांनी व स्त्रीस दर चार महिन्यांनी ते देता येते. आपल्या तरुण मंडळाने महोत्सवाच्या वर्षापासून रक्तदानाचा दिवस नेमावा. आजीबाईंनी दवाखान्यात गेलेल्या शेजारणीची घरी राहिलेली लेकरे चार दिवस जेवू घालावीत. ज्याला वाचता येते त्याने अर्ज लिहून द्यावा. ज्याला काहीच जमत नाही त्याने स्थानकावर जाऊन त्या कुटुंबाची पिशवी गाडीत चढवून द्यावी.

सोलापूरने एक डॉक्टर जगाला दिला. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली येथे जन्मले. १९३८ साली चीन देशातील जखमी सैनिकांची शुश्रूषा करण्यास गेले आणि १९४२ साली तेथेच, आपल्या घरापासून हजारो कोसांवर, कामावर असतानाच देह ठेवते झाले. रुग्ण परका आहे, वाट लांब आहे, असे त्यांनी म्हटले नाही. आपणांस कोणी चीनला जावयास सांगत नाही. आपणांपुढील वाट साडेचारशे किलोमीटरची आहे, तिच्यावर रोज रात्री गाडी धावते, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला शस्त्रवैद्य, खाट व यंत्रे सज्ज आहेत. तेथवर जाण्याची ताकद नसलेले एक मूल या घटकेस आपल्याच गावच्या कोठल्या तरी गल्लीत दोन घोट दूध पिऊन धापा टाकीत असेल. पुढील महोत्सवाला जमलेल्या मंडळीत ते धडधाकट उभे असावे, आणि ते कोण हे आपल्यापैकी कोणासही ठाऊक नसावे, एवढीच इच्छा करून मी आपली रजा घेतो.